नरसय्याला सगळं आठवत होतं

नरसय्या, ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. तू समोर होतास तेव्हा टाळलं, तुझ्या मुलासमोर टाळलं, आणि परवा तुझ्या शोकसभेतही टाळलं. गल्लीतल्या मंदिराच्या मंडपात सतरंज्या घातल्या होत्या. मला खाली बसता येत नाही म्हणून एक खुर्ची ठेवली होती. लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. पण जो तो शेवटी एकच पुस्ती जोडत होता. "बिचाऱ्याचं डोकं शेवटी शेवटी काम करीत नव्हतं हो. न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून सांगायचा." बाकीचे हळहळत होते. मीही मान हलवली. मग मास्तर म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर मी म्हणालो, "माणूस फार कष्टाळू होता," आणि बसलो. मागावर आयुष्य काढलेल्या आपल्या गल्लीतल्या कुठल्याही माणसाबद्दल हे वाक्य चाललं असतं.

तुझं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते बिघडलंय ही गोष्ट पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघाली होती.

आपण एकाच गल्लीत म्हातारे झालो, पण बोलायला लागलो ते खुबा मोडल्यावर. तोवर तू मला 'टॉवेल-चादरवाले नरसय्या' आणि मी तुला 'शाळेतले मास्तर' एवढीच ओळख. हाडांच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर तू आलास. दोघांच्या खुब्यात सळई आणि स्क्रू. पहिल्या दिवशी तू मला "सर, कुठं पडलात?" म्हणून विचारलंस. सगळ्यांना सांगत होतो तेच मी तुला सांगितलं, चक्कर आली. तू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलास, तेव्हा खरं काय ते सांगून टाकलं. एसटी स्टँडवर मंगळवेढ्याची गाडी लागली होती. जागा धरायला मी खिडकीतून रुमाल टाकायला उडी मारली आणि तिथंच कोसळलो.

"रुमालाला जागा मिळाली का?" तू विचारलंस.

"मिळाली. रुमाल मंगळवेढ्याला गेला आणि मी इथं आलो."

तू इतका हसलास की तुझे टाके दुखायला लागले, आणि सिस्टर आपल्या दोघांवर ओरडल्या. "मी सरळ माणूस," तू म्हणालास, "घरातल्या न्हाणीतच पडलो." तिसऱ्या दिवशी आपलं अहो-जाहो संपलं. एकमेकांची बेडपॅनं बघितलेल्या माणसांत ते टिकत नाही. तू मला 'काय बे मास्तर' म्हणू लागलास. मला मात्र 'बे' कधी म्हणता आलं नाही. जन्मभर पोरांना त्या शब्दासाठी बाकावर उभं केलेलं. "एकदा तरी म्हण की," तू चिडवायचास, "जीभ झडत न्हाय."

एका सकाळी व्यायामवाल्या मॅडम आल्या आणि दोन खाटांच्या मधे स्टूल ओढून बसल्या. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांवर एक अभ्यास चालू होता. काहींच्या घरी मॅडम स्वतः जाऊन काही महिने व्यायाम घेणार. बाकीच्यांना नेहमीसारखा सल्ला मिळणार. मग कोण किती बरं चालतं ते पाहायचं. कोण कुठल्या गटात जाणार हे कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरसुद्धा नाही.

"म्हणजे मटकाच की, मॅडम!" तू म्हणालास.

"मटक्यात खिशातले जातात, काका. इथं तुमचं काही जात नाही," त्या म्हणाल्या. नको वाटलं तर नाही म्हणा, मधेच सोडलंत तरी उपचारात काही कमी होणार नाही, हेही त्यांनी नीट सांगितलं. मग तू माझ्याकडे वळलास. "मास्तर, तू वाच अन् सांग. तू हो म्हणालास तर मी हो."

मी ती सगळी पानं तुला वाचून दाखवली, वर्गात धडा शिकवावा तशी. वर आपल्या पदरचं समजावलंही. "हे बघ, ज्याला व्यायाम मिळतील त्यानं ते दुसऱ्याला द्यायचे नाहीत. नाहीतर दोन्ही गटांतला फरक कळणार कसा?"

"परीक्षेसारखं."

"अगदी परीक्षेसारखं."

तू तेलुगूत लांबलचक सही केलीस. हा नियम तुला मी शिकवला होता, हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो. पुढं तो कुणी मोडायला लावला हे सांगायचं आहे म्हणून.

तुझा नंबर व्यायामाच्या गटात लागला आणि माझा नेहमीच्या सल्ल्यात. मला रागच आला होता. तू म्हणालास, "अरे, नळाला पाणी कुणाच्या दारात आधी येतं, तसंच हे. वरच्या अंगाला घर असलं की झालं." यावर आपण शेवटपर्यंत भांडत राहिलो. माझं म्हणणं, कॉम्प्युटर निःपक्षपाती असतो. तुझं म्हणणं, निःपक्षपाती असता तर ज्याला भीती जास्त त्याला व्यायाम दिले असते. हा वाद मिटायचा राहिलाच. पण आता मला तुझंच पटतं.

कारण भीती मलाच जास्त होती. घरी आलो आणि खुर्चीत बसलो तो बसलोच. डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला सांगितलं होतं, पण उठायच्या आधीच स्टँडवरची ती फरशी डोळ्यांपुढे यायची. सूनबाई वैशाली सकाळी ऑफिसला गेली की संध्याकाळपर्यंत मी एकटा. संडासला जायला लागू नये म्हणून मी पाणी प्यायचं बंद केलं. सोलापूरचा उन्हाळा, आणि तांब्या भरलेला तसाच. हे वैशालीच्याही लक्षात आलं नव्हतं. तू भरदुपारी वॉकर ठोकत माझ्या ओसरीवर आलास, बसलास, बोललास, आणि निघताना त्या तांब्याकडे बघून म्हणालास, "मास्तर, पाणी पी. मी धरून नेतो."

त्या दिवशी मी तुला म्हणालो, "मॅडम शिकवतात ते मला शिकव."

"न्हाय. तूच वाचून दाखवलंस की. द्यायचं न्हाय."

मी तुझ्याशी वाद घातला. दुसऱ्या दिवशी घातला, तिसऱ्या दिवशीही घातला. तू मॅडमना विचारून येतो म्हणालास, त्यालाही मी नको म्हणालो, कारण त्या नाही म्हणतील हे मला माहीत होतं. शेवटी मी रडलो, नरसय्या. खुर्चीचे हात धरून लहान पोरासारखा रडलो. तू उठलास, ओसरीचं दार लोटलंस, वॉकर भिंतीला टेकवलास आणि माझ्यासमोर उभा राहिलास.

"ऊठ. हात न लावता."

तू स्वतःहून शिकवलं नव्हतंस. मी मागितलं, म्हणून शिकवलंस.

पुढचे ते महिने माझ्या म्हातारपणातले सगळ्यात चांगले. ओट्याला धरून टाचा वर करायच्या. पाय बाजूला न्यायचा, परत आणायचा. हात न लावता खुर्चीतून उठायचं, बसायचं. ओसरीची एकच पायरी चढायची आणि उतरायची. तू समोर उभा राहून मोजायचास, "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु…"

"मराठीत मोज की रे," मी म्हणायचो.

"मोजणी आईच्याच भाषेत होते. दुसऱ्या भाषेत मोजलं की पाय फसवतो."

"माझा पाय काय तेलुगू आहे?"

"आता झाला की बे!"

माझी टाच कमी उचलली गेली की तू मोजणं थांबवायचास आणि पुन्हा ओकटिपासून सुरू करायचास. इतका कडक मास्तर मीही नव्हतो. मधेच मोठ्यांदा ओरडायचास, "कॉपी करालास मास्तर, कॉपी!" आणि मी शेजारी ऐकतील म्हणून तुला हातानं गप्प करायचो. व्यायाम झाला की तू खिशातून शेंगाचटणीची पुडी काढायचास. कडक भाकरी तेलात बुडवून आपण खायचो, आणि मी तांब्याभर पाणी प्यायचो. तुला ते पाणी प्यालेलं बघायला आवडायचं. मी पीत असताना तू बोलणं थांबवायचास.

इस्पितळात तपासणीला बोलावलं तेव्हा चालणं बघायला दुसऱ्याच बाई होत्या. त्यांना आपला गट कळू द्यायचा नव्हता. खुर्चीतून उठायचं, जमिनीवर चिकटपट्टी लावली होती तिथपर्यंत जायचं आणि परत येऊन बसायचं. मी ओठांतल्या ओठांत ओकटि म्हणत उठलो आणि नवरदेवासारखा चालत जाऊन आलो. तुला माझ्यापेक्षा जरा जास्तच वेळ लागला. बाहेर बाकड्यावर तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. "माझा विद्यार्थी माझ्याच पुढं गेला बे!" स्वतःला पोरगं झाल्यासारखा तुझा चेहरा झाला होता.

माझ्या चालण्याचा गल्लीत बोलबाला झाला. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळानं मला भाषणाला बोलावलं. विषय इच्छाशक्ती. मी तासभर बोललो. मनाचा निश्चय, पहाटेची शिस्त, जुन्या माणसांची हाडं. तुझं नाव घेता येणार नव्हतं, हे एक. पण नाव न घेता बोलायला मला मजाही येत होती, हे दुसरं. तू शेवटच्या ओळीत बसला होतास आणि सगळ्यात मोठ्या टाळ्या तुझ्या होत्या.

मग तुझ्या घरी मॅडमची शेवटची खेप झाली. चहा पिता पिता त्यांनी सहज सांगितलं की दोन्ही गट सारखेच चालले तर घरी जाऊन व्यायाम घेण्याचा उपयोग नाही असं ठरेल, आणि मग पुढच्या म्हाताऱ्यांकडे कुणी जाणार नाही. तू त्याच संध्याकाळी माझ्याकडे आलास. बसलासुद्धा नाहीस.

"मास्तर, लई घोटाळा केला आपण. दोन भाज्या मांडल्यात, मिठाची की अळणी, कुठली चांगली लागते बघायला. अन् मी दोन्हीत मीठ टाकून बसलो की."

"एका माणसानं काय फरक पडतो?" मी म्हणालो.

"परीक्षेत एकच पोरगं कॉपी करत असलं तर तू सोडायचास?"

मी सोडत नसे. तुला ते माहीत होतं, कारण तुझ्याच पोराला, श्रीनिवासला, मी एकदा सहामाहीत धरलं होतं. मी म्हणालो, सांगू नकोस. तू म्हणालास, सांगावं लागेल. हे आपलं खरं भांडण, आणि ते तिथंच थांबलं, कारण तू दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून टाकलंस.

मॅडम माझ्याकडे आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. "सर, नरसय्याकाका म्हणतात की त्यांनी हौसेनं तुम्हाला व्यायाम शिकवले. खरं आहे का? कुणाला काढणार नाही, कुणाला बोलणार नाही. फक्त खरं ते नोंदवून ठेवायचं आहे." हौसेनं! माझं रडणं तू त्यांना सांगितलं नव्हतंस. याहून सोपं दार कुणी कुणाला उघडून देत नाही. पण दारात वैशाली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं माझ्या भाषणाचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. आणि मी, कॉपी धरणारा मास्तर, मॅडमपुढे बसलो होतो.

"छे हो," मी म्हणालो. "आम्ही दुपारी गप्पा मारायचो, एवढंच. नरसय्याचं आताशा जरा इकडचं तिकडे होतं. वय झालं ना."

एवढंच म्हणालो. त्यात आवाजही चढवावा लागला नाही.

मॅडमनी काळजीपोटी श्रीनिवासला बाजूला घेऊन सांगितलं, बाबांची स्मरणशक्ती एकदा तपासून घ्या. डॉक्टरांना विशेष काही आढळलं नाही, वयोमानानुसार असायचंच, म्हणाले. पण श्रीनिवासनं त्यातलं 'वयोमान' तेवढं ऐकलं. त्याचं तुझ्यावर प्रेम होतं, म्हणूनच तो घाबरला. दुकानाच्या गल्ल्याची किल्ली त्यानं मागून घेतली. बाजारात एकटं जाणं बंद झालं. तू काही जुनं सांगायला लागलास की घरातले एकमेकांकडे बघायचे. ज्याला कुठल्या घरच्या लग्नात कुठल्या काठाच्या चादरी गेल्या हे पाठ होतं, त्याला म्हणायचे, "बाबा, असं झालं नव्हतं." मग तू हळूहळू सांगायचंच बंद केलंस.

रविवारी श्रीनिवास तुला स्कूटरवरून माझ्या ओसरीवर सोडायचा आणि जाताना मला म्हणायचा, "काका, लक्ष ठेवा हं." मला!

तू एका शब्दानं मला विचारलं नाहीस. फक्त एकदा, मी खुर्चीतून उठताना जरा अडखळलो, तेव्हा तू हसून म्हणालास, "मास्तर, परत शिकवू का? मला आठवतंय की सगळं."

मी म्हणालो, "चहा घेतोस?"

तू चहा घेतलास.

यंदा संक्रांतीला आपण गड्ड्याच्या जत्रेला गेलो. श्रीनिवास पुढं चालला होता, तू माझा कोपर धरला होतास. मी तुझा नव्हे, तूच माझा. उंच पाळण्यापाशी भोंगे वाजत होते, कुणी ऐकणार नाही म्हणून मला धीर आला. मी म्हणालो, "नरसय्या, त्या दिवशी मॅडमना मी…" तू थांबलास. माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "पाय दुखतोय का बे? चल, बसू." तुला खरंच ऐकू आलं नाही, की मला वाचवलंस, हे मला आजही कळत नाही. मी मात्र ती सूट घेतली आणि बसलो. तू ऊस घेतलास. तुझ्या दातांना तो जमत होता, माझ्या नाही, यावर तू घरी पोचेपर्यंत बोलत होतास.

उन्हाळा लागण्याआधीच तू गेलास. सकाळी चहा घेतलास, आडवा झालास, आणि उठला नाहीस. इतकं साधं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी ओट्याला धरून टाचा वर करत होतो. रोज करतो. वैशाली मागे कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. "बाबा, हे तेलुगूत काय मोजताय? कुठं शिकलात?"

मी आठव्या आकड्यावर होतो. एनिमिदि. त्याच्या पुढचा आकडा तोंडातून निघेना. मी खाली स्टुलावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. मग तिनं गॅस बंद केला आणि म्हणाली, "मॅडमचा नंबर आहे माझ्याकडे. लावते."

मॅडमना तू लख्ख आठवत होतास. "म्हणजे काका खरं बोलत होते," त्या म्हणाल्या. "आणि त्यांच्या मुलाला मी…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाल्या, अभ्यास संपलाय, पण मी वरिष्ठांना कळवते, उशिरा का होईना. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "रोज करायचात?"

"रोज. तो एक दिवस सोडू द्यायचा नाही."

"माझ्याकडचे लोक रोज करत नव्हते हो, सर," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला होता की हसरा, मला ओळखता आलं नाही. तू असतास तर हे वाक्य गल्लीभर सांगत फिरला असतास.

मग मी तुझ्या घरी गेलो. वॉकर नाही, काठी नाही. श्रीनिवास दुकानाच्या फळ्या लावत होता. मी त्याला तिथंच उभ्यानं सांगितलं, मी रडलो तिथपासून. त्यानं हातातली फळी खाली ठेवली.

"बाबा एवढंच म्हणायचे, मी हौसेनं शिकवलं. तुम्ही रडलात हे कधीच म्हणाले नाहीत," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "किल्ली मागितली तेव्हा त्यांनी लगेच काढून दिली, काका. मी म्हटलं, बघा, त्यांनाही पटलंय." मग तो आत गेला. मी त्याच्या मागं गेलो नाही. तुझ्या फोटोला हार होता, त्याच्या समोर तो पाठमोरा उभा राहिलेला दिसत होता. परत येताना गल्लीत भेटेल त्याला मी थांबवून सांगितलं, नरसय्याचं डोकं ठीक होतं, खोटं मी बोललो होतो. लोक मला 'बरं बरं, सर' म्हणतात. काहींना वाटतं, आता माझंच इकडचं तिकडे व्हायला लागलंय. वाटू दे.

नरसय्या, मी पाणी पितो. पायरी चढतो, उतरतो. तू गेलास त्या दिवशी तुझ्या तिरडीमागं मी गल्लीच्या टोकापर्यंत चालत आलो, कुणाचाही हात न धरता. लोकांना त्याचं नवल वाटलं. माझ्या खुब्यात डॉक्टरांची सळई आहे, पण या पायातलं बळ तुझं आहे. माणसाला परक्या माणसाकडून याहून जास्त काय मिळायचं असतं, मला माहीत नाही. मला ते म्हातारपणी मिळालं, तेही भांडत, हसत, शेंगाचटणीबरोबर.

राहिलं ते एवढंच. गड्ड्यात पाळण्याखाली जे वाक्य मी अर्धं सोडलं, ते पुरं करतो. त्या दिवशी मॅडमना मी खोटं सांगितलं. तुला सगळं आठवत होतं. मला माफ कर बे.